डिस्कवर्ल्ड वाचायचंय, पण सुरुवात कुठून?

कासवाच्या पाठीवर चार हत्ती आणि हत्तींच्या पाठीवर ताटासारखं सपाट जग. टेरी प्रॅचेटच्या या डिस्कवर्ल्डवर १९८३ ते २०१५ दरम्यान ४१ कादंबऱ्या आल्या. बहुतेक गोष्टी स्वतंत्र आहेत, त्यामुळे छापल्या त्याच क्रमाने वाचायची सक्ती नाही.

पहिली 'द कलर ऑफ मॅजिक'. पळपुटा जादूगार रिन्सविंड, भोळा पर्यटक टूफ्लॉवर आणि त्याच्यामागे पायांनी धावणारी पेटी. मजा आहे, पण ती तलवारी-जादूच्या जुन्या कादंबऱ्यांची टिंगल आहे. त्या वाचल्या नसतील तर बरेच विनोद डोक्यावरून जातात. शिवाय रिन्सविंड जगाच्या काठावरून खाली पडतो आणि पुस्तक तिथेच थांबतं. पुढचं कळायला दुसरं घ्यावं लागतं. या एकावरून मालिकेबद्दल मत बनवू नका, एवढं कळकळीने सांगते.

'मॉर्ट' (१९८७) आटोपशीर आहे. मृत्यू एका धांदरट पोराला उमेदवारीला ठेवतो. मृत्यूचं बोलणं अवतरणचिन्हांशिवाय, कॅपिटल अक्षरांत छापलेलं असतं. देवनागरीत ती सोयच नाही, म्हणून तो आवाज इंग्रजीतच ऐकावा. शेवट मात्र घाईत उरकल्यासारखा वाटतो.

माझं मत 'गार्ड्स! गार्ड्स!'ला (१९८९). दहा लाखांत एक अशी संधी असली की ती हमखास साधते, अशी पहारेकऱ्यांची श्रद्धा. समोर ड्रॅगन, हातात एक बाण, आणि नेम तर बरा बसतोय! मग शक्यता बरोब्बर दहा लाखांत एकवर आणण्यासाठी ते सार्जंट कोलनच्या तोंडाला काजळी फासतात, त्याला एका पायावर उभं करतात. हा प्रसंग आवडला तर पुढची कितीतरी पुस्तकं तुमचीच. आणि त्या पहारेकऱ्यांचा कप्तान सॅम व्हाइम्स! इथे तो दारू पिऊन गटारात पडलेला भेटतो. त्याला आठ पुस्तकांत सावरताना, रागावताना, बाप होताना पाहणं हे या मालिकेतलं सगळ्यात मोठं सुख आहे.

एकच पुस्तक वाचून थांबायचं असेल तर 'स्मॉल गॉड्स' (१९९२). बलाढ्य देव ओम कासव होऊन बसलाय, कारण खरा भक्त एकच उरलाय. गाभाऱ्यासमोरच्या कासवाला हात लावून आत जाणाऱ्या आपल्या लोकांना ही गोष्ट फार जवळची वाटेल.

'गार्ड्स!' घेतलंत तर पुढे थेट 'मेन अ‍ॅट आर्म्स' घ्या, आणि पहारेकऱ्यांची पुस्तकं तेवढी क्रमानेच वाचा. 'नाइट वॉच' (२००२) आधी उघडू नका. व्हाइम्सची ओळख नसेल तर ते निम्मंच पोचतं.