वाटी, बाटली की कॅप्सूल?

पाचपाखाडीतल्या आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी परवा लिफ्टमध्येच डॉक्टरांची चिठ्ठी माझ्यापुढे धरली. आठ वर्षांच्या मुलाला सात दिवसांचं अँटिबायोटिक. गेल्या खेपेला चौथ्या दिवशी त्याचं पोट बिघडलं होतं, म्हणून केमिस्टने या वेळी न विचारताच पिशवीत प्रोबायोटिकच्या, म्हणजे पोटाला उपयोगी जिवंत जंतूंच्या, कुप्या टाकल्या होत्या. सासूबाईंचं म्हणणं, दहीभात द्या, बाकी सगळे चोचले. मुलाला हवी होती ती छोटी गोड बाटली. "तुम्ही मायक्रोबायोलॉजी शिकवायचात ना, मग सांगा काय देऊ?" तीन मजल्यांत उरकण्यासारखं उत्तर नव्हतं.

दह्यापासून सुरुवात करते, कारण माझा कल तिकडे आहे आणि तो लपवत नाही. विरजण म्हणजे अनेक जंतूंचं एकत्र कुटुंब. योगर्टमध्ये मात्र ठरलेली जोडी असते, स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस आणि लॅक्टोबॅसिलस बल्गॅरिकस. यातला दुसरा 1905 मध्ये स्टामेन ग्रिगोरोव या बल्गेरियन विद्यार्थ्याला जिनिव्हात सापडला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतल्या एली मेचनिकॉफ यांनी तो उचलून धरला. बल्गेरियातले शेतकरी दीर्घायुषी असतात ते आंबवलेल्या दुधामुळे, असं त्यांचं मत होतं. त्यांना 1908 चं नोबेल मिळालं ते प्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी, दह्यासाठी नव्हे. स्वतः नेमाने आंबट दूध प्यायले आणि 71 व्या वर्षी गेले.

बल्गॅरिकसचा जीनोम, म्हणजे त्याचा सगळा जनुकसंच, 2006 मध्ये वाचून झाला आणि एक गंमत दिसली. त्याची बरीच जनुकं मोडकळीला आलेली आहेत. वनस्पतींमधल्या साखरा पचवण्याची सोय गेली, दुधावर जगण्यापुरती उरली. पिढ्यान् पिढ्या पातेल्यात राहून तो दुधाचा झाला. आपल्या आतड्यात तो पाहुणा म्हणून येतो, चार दिवसांत निघून जातो. मात्र जाता जाता एक काम चोख करतो. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, फोडणारं विकर तो स्वतःसोबत आणतो. मोठेपणीही दूध पचवू देणारा जनुकीय बदल भारतात वायव्येकडे जास्त आणि दक्षिणेकडे कमी आढळतो. ज्यांच्यात तो नाही त्यांना दुधाने गुबारा धरतो, पण दही बहुधा सोसतं. पोट बिघडल्यावर ताक-भात का चालतो, याचं निम्मं उत्तर इथेच आहे.

आता आकडे. योगर्टच्या दर ग्रॅममध्ये निदान 1 कोटी जिवंत जंतू हवेत, असा कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्न-मानकांचा दंडक आहे. म्हणजे 150 ग्रॅमच्या वाटीत 150 कोटी. घरच्या दह्यात ते किती आणि कोणते, हे कुणी मोजत नाही. ठाण्याच्या मे महिन्यात दुपारपर्यंत दही आंबट ढाण होतं, डिसेंबरात पातेलं टॉवेलात गुंडाळावं लागतं, आणि शेजारणीकडून आणलेल्या विरजणात कोण कोण होतं ते शेजारणीलाही ठाऊक नसतं. विकतच्या पाकिटावर 'हीट ट्रीटेड', म्हणजे तापवून जंतू मारलेलं, असं छापलेलं असेल, तर जंतूंच्या आशेने ते घेऊ नका. चवीसाठी घ्या.

बाटलीचं लवकर आटपते. जपानच्या मिनोरू शिरोता यांनी 1930 मध्ये पोटातल्या आम्लातून तगून जाणारा एक जंतू निवडला आणि 1935 पासून त्याचं पेय विकायला आलं. तेच याकुल्ट. आपल्याकडे मिळणाऱ्या 65 मिलीच्या बाटलीत 650 कोटी जंतू असल्याचं कंपनी सांगते. जंतू ओळखीचा, संख्या मोजलेली, हे वाटीपेक्षा उजवं. पण साखर बरीच. मुलांना आवडते ती साखरच.

कुपी आणि कॅप्सूलकडे वळण्याआधी 'स्ट्रेन' ही भानगड समजून घ्यावी लागेल, कारण सगळा निकाल तिच्यावर आहे. घोडबंदर रोडवरच्या एखाद्या मोठ्या संकुलात जाऊन वॉचमनला "पाटलांकडे जायचंय" म्हणून बघा. तो विचारणार, कुठले पाटील? विंग? फ्लॅट नंबर? लॅक्टोबॅसिलस हे फक्त संकुलाचं नाव. 2020 मध्ये जीनोम ताडून पाहिल्यावर तेही इतकं अवाढव्य निघालं की शास्त्रज्ञांनी त्याचे 25 वेगळे गट पाडले. त्यापुढचं नाव म्हणजे आडनाव, आणि स्ट्रेन म्हणजे फ्लॅट नंबर. आतड्यातल्या इ. कोलाय या जंतूचंच घ्या. 1917 मध्ये आल्फ्रेड निस्ल यांनी एका सैनिकाच्या विष्ठेतून वेगळा केलेला त्याचा स्ट्रेन आजही औषध म्हणून विकला जातो. त्याच आडनावाचा O157:H7 माणसाची मूत्रपिंडं निकामी करू शकतो.

आणि हा फरक जनुकांत नेमका कुठे असू शकतो, ते दह्याच्या जंतूंनीच दाखवून दिलं. डेअरीवाल्यांचा जुना वैरी म्हणजे फेज, जंतूंना मारणारे विषाणू. ते टाकीत शिरले की दही लागतच नाही. डॅनिस्को कंपनीतल्या रोडॉल्फ बरांगू, फिलिप ऑर्व्हा आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये थर्मोफिलसवर फेज सोडले. जे जंतू वाचले, त्यांनी त्या फेजच्या डीएनएचा तुकडा स्वतःच्या जीनोममध्ये जपून ठेवला होता. तुकडा काढला की प्रतिकार गेला, घातला की आला. हेच क्रिस्पर. पुढे त्यातूनच जनुकं कापायची कात्री घडवली गेली आणि तिला 2020 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. एवढ्याशा तुकड्याने एक भाऊबंद जगतो, दुसरा मरतो. त्यामुळे खोक्यावर नुसतं 'प्रोबायोटिक' लिहिलेलं मला पुरत नाही.

अँटिबायोटिकने होणाऱ्या जुलाबांवर मुलांमध्ये झालेल्या 33 चाचण्या कॉक्रेनने, म्हणजे वैद्यकीय पुरावे ताडून पाहणाऱ्या संस्थेने, 2019 मध्ये एकत्र मांडल्या. प्रोबायोटिक न घेणाऱ्यांपैकी 19 टक्क्यांना जुलाब झाले, घेणाऱ्यांपैकी 8 टक्क्यांना. म्हणजे साधारण 9 मुलांना द्यावं तेव्हा एकाचे जुलाब टळतात. हे काही थोडं नाही, पण चमत्कारही नाही. युरोपातल्या बालपचनतज्ज्ञांच्या संघटनेने या कामासाठी दोनच नावं पुढे केली आहेत, आणि तीही रोज निदान 500 कोटींच्या मात्रेत. एक, लॅक्टोबॅसिलसच्या कुळातला ऱ्हॅम्नोसस जीजी, ज्यातला 'जीजी' म्हणजे शोधणारे गोरबाख आणि गोल्डिन. दुसरं, सॅकरोमायसिस बुलार्डी. हा जंतू नव्हे, यीस्ट. 1920 च्या दशकात आंरी बुलार यांना तो इंडोचायनात सापडला, लिची आणि मँगोस्टीनच्या सालींतून. यीस्ट असल्यामुळे अँटिबायोटिक त्याला मारत नाही. जीजीला मात्र मारू शकतं, म्हणून अँटिबायोटिक आणि जीजी यांच्या डोसांमध्ये दोनेक तासांचं अंतर ठेवतात.

केमिस्टच्या कुपीत असतो बॅसिलस क्लॉसाय. त्याचे बीजाणू, म्हणजे जाड कवचात निजलेले जंतू, चिवट, आम्लाला आणि बऱ्याच अँटिबायोटिक्सना दाद न देणारे. कल्पना चांगली आहे, पण नेमक्या या कामासाठी पुरावा त्या दोघांच्या मानाने तोकडा. ठाण्यात मात्र सगळ्यात आधी हातात पडते ती कुपीच.

कोर्स संपल्यावर 'पोट पुन्हा भरून काढायला' महिनाभर कॅप्सूल घेणाऱ्यांशी माझं भांडण आहे. इस्रायलच्या वाइझमन संस्थेने 2018 मध्ये 21 निरोगी माणसांना आठवडाभर अँटिबायोटिक दिलं. नंतर ज्यांना 11 स्ट्रेनचं प्रोबायोटिक दिलं, त्यांचे मूळचे जंतू परत यायला काहीच न घेणाऱ्यांपेक्षा जास्त वेळ लागला. 21 जणांवरून जगाचा निवाडा होत नाही, हे कबूल. पण पैसे खर्चून उशीर विकत घ्यायला तेवढा संशय मला पुरतो.

मग वहिनींना काय सांगितलं? डॉक्टरांना फोन करून बुलार्डीचं नाव घेऊन विचारा, आणि ते हो म्हणाले तर पहिल्याच दिवसापासून द्या, जुलाबांची वाट बघू नका. दहीभात खुशाल द्या. फक्त गोळी सिप्रोफ्लॉक्सॅसिन किंवा डॉक्सीसायक्लिनसारखी असेल तर ती दह्यासोबत नको, कॅल्शियम तिला बांधून ठेवतं. जुलाब लागलेच तर आधी ओआरएस. शौचात रक्त दिसलं तर थेट दवाखाना. घरात कुणाची केमो चालू असेल किंवा कुणाला सेंट्रल लाइन, म्हणजे मोठ्या शिरेत बसवलेली नळी, असेल, तर त्या माणसाला यीस्ट किंवा जंतूंची कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये, कारण ते क्वचित रक्तात उतरतात. आणि ज्यांना काहीच झालेलं नाही, त्यांनी वाटीच घ्यावी.

डॉक्टर हो म्हणाले. केमिस्टने कुप्या काही परत घेतल्या नाहीत. त्या वहिनींच्या फ्रिजच्या दारात ओळीने उभ्या आहेत. बीजाणूंना फ्रिज लागत नाही, हे मी अजून सांगितलेलं नाही.