पहिली बाईक घेताय? आधी इंजिनजवळ हात नेऊन बघा

जुन्या गाड्यांच्या दुकानात पाऊल ठेवलं की मालक आधी विचारतो, "लायसन्स आहे का?" ऐकायला काळजीचा प्रश्न वाटतो. पण आपण "शिकाऊ आहे" म्हटलं की त्याला हवं ते कळलेलं असतं. हे गिऱ्हाईक गाडी स्वतः चालवून बघणार नाही. गाडी तो चालवणार, आपण मागे बसणार. क्लच कुठे धरतो, तिसऱ्या गिअरला गाडी झटके देते का, ब्रेक मारल्यावर हँडल एका बाजूला ओढतं का, हे मागे बसलेल्याला कळत नाही. पिंपरी-चिंचवडमधल्या एका दुकानदाराने मला नेमकं असंच फसवलं. त्याचं नाव इथे देत नाही, प्रकरण चालू आहे. पण त्याची पद्धत सगळ्यांना कळलीच पाहिजे, कारण ती एकट्या त्याची नाही.

मी नर्स आहे. रात्रपाळी सुटते त्या वेळी बसचा भरवसा नसतो आणि रिक्षावाले मागतील ते द्यावं लागतं. गाडी हवीच होती, आणि गिअरचीच हवी होती, कारण गावी घरात सगळे तीच चालवतात. मी ठरवून गेले होते ते शंभर सीसीची साधी गाडी बघायला. स्प्लेंडरच्या वर्गातली गाडी ११२ किलोच्या आसपास भरते, सीटची उंची ७८५ मिलिमीटर. माझ्या उंचीच्या बाईचे दोन्ही पाय जमिनीला नीट टेकतात, आणि सिग्नलला गाडी कलली तरी सावरता येते. नवशिक्यासाठी याहून महत्त्वाचं काही नाही, असं माझं आजही ठाम मत आहे.

दुकानदाराने मला थेट दीडशे सीसीची दाखवली नाही. आधी बुलेटवर बसवलं. "बसून तर बघा ताई, घ्या असं कुठे म्हणतोय?" ती क्लासिक ३५० होती, वजन १९५ किलो. स्टँडवरून सरळ करतानाच माझे हात भरून आले. तिथून उतरवून त्याने मला दीडशेच्या गाडीवर बसवलं, आणि साहजिकच ती फुलासारखी हलकी वाटली. मग सुरू झालं, "शंभर सीसी डिलिव्हरीवाल्यांना ठीक आहे हो. दोन महिन्यांत हात बसला की तुम्हीच म्हणाल, मोठी घ्यायला हवी होती." हा क्रम ठरलेला आहे, हे मला पुढे दुसऱ्या दोघींकडून कळलं. त्यांनाही दुसऱ्या दुकानात आधी बुलेटवरच बसवलं होतं.

गाडी एमएच १० पासिंगची, म्हणजे सांगलीची, २०१८ चं मॉडेल. "एका मास्तरांची आहे, बाजारहाटापुरती फिरवलेली." मीटरवर चौदा हजार किलोमीटर. मी अकराला येते असं फोनवर सांगून गेले होते, त्यामुळे गाडी धुऊन-पुसून बाहेर काढलेली होती आणि बटण दाबताक्षणी सुरू झाली. किती छान, एका स्टार्टरला चालू! पण माझ्या येण्याआधीच ती कितीतरी वेळ चालवून तापवून ठेवलेली होती. जुन्या इंजिनाची खरी दुखणी थंड असताना दिसतात. सेल्फ घेत नाही, टॅपेटचा, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागातला टकटक आवाज येतो, सायलेन्सरमधून निळसर धूर निघतो. गाडी तापली की यातलं बरंच झाकलं जातं. म्हणून न सांगता, सकाळी दुकान उघडायच्या वेळेला जा. गेल्या गेल्या इंजिनजवळ हात न्या, चटका बसेल इतकं जवळ नको. गरम लागलं तर "उद्या येते" म्हणून सरळ परत फिरा.

भाव अठ्ठावन्न हजार ठरला. पाच हजार टोकन, बाकीचे डिलिव्हरीला, आणि सगळे रोख. आरसीचं, म्हणजे गाडीच्या नोंदणीचं मूळ कार्ड "ट्रान्सफरसाठी आरटीओत दिलंय" म्हणून मला समोरच्या बाजूची झेरॉक्स मिळाली. गाडी नावावर करायच्या २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर आधीच्या मालकाच्या सह्या होत्या, बाकी सगळं कोरं. "महिन्याभरात तुमच्या नावावर होऊन जाईल, आमचं रोजचं काम आहे."

पहिल्याच मोठ्या पावसात गाडी चिखलीच्या रस्त्यावर बंद पडली. मग रोजच काही ना काही. हॉर्न दाबला की हेडलाइट मंद व्हायचा, इंडिकेटर मनाला येईल तेव्हा लागायचे. दुकानदार म्हणाला, बॅटरी बदला. बदलली. काही फरक नाही. शेवटी आमच्या गल्लीतल्या मिस्त्रींकडे नेली. हे वयस्कर गृहस्थ आहेत, बोलतात कमी.

त्यांनी इंजिनला हातच लावला नाही. आधी हेडलाइट उघडला आणि मला जवळ बोलावलं. रिफ्लेक्टरवर आतून एक आडवी रेघ होती, वर चकाकी, खाली धुरकट. कपबशीत चहा वाळल्यावर कडेला डाग उरतो ना, अगदी तसा. मग सीट काढून त्यांनी वायरिंगवरची काळी टेप सोलली. ती टेप नवी होती, आतल्या वायरी जुन्या. वायरी जोडणारा कप्लर उघडला तर पितळी पिना हिरव्या पडलेल्या. बॅटरीच्या खोक्याच्या कोपऱ्यात त्यांनी नख घातलं आणि करडी, मऊ माती काढून कागदावर ठेवली. "ही रस्त्याची धूळ नाही, पोरी. रस्त्याची धूळ इथवर जात नाही. गाडी पाण्यात बुडालेली आहे." मग मीटरकडे बोट करून पाय ठेवायची रबरं दाखवली. त्यावरची नक्षी पुसून गुळगुळीत झाली होती. "चौदा हजारांत रबर असं होत नाही." टायर मात्र नवेकोरे. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. त्यावरून टायर कधीचा ते कळतं. चौदाच हजार चाललेल्या गाडीला दोन्ही टायर नवे का घालावे लागले, हा प्रश्न विक्रेत्याला विचारायलाच हवा.

सांगलीत २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा पूर आला. त्याच जुलैत वाशिष्ठीने चिपळूण बुडवलं आणि सावित्रीने महाड. त्या पाण्यात किती दुचाकी गेल्या असतील याचा विचार करा. त्या सगळ्या भंगारात गेल्या नाहीत. वाळवून, टेप गुंडाळून, पॉलिश मारून अनेक गाड्या पुण्या-मुंबईच्या बाजारात आल्या, कारण इथल्या गिऱ्हाईकाला एमएच ०८ किंवा एमएच १० पाहून पूर आठवत नाही, "गावाकडची कमी वापरलेली गाडी" एवढंच डोक्यात येतं.

आरसीचं कार्ड मिळेना, तेव्हा परिवहनच्या वाहन पोर्टलवर गाडीचा नंबर टाकला. गाडीवर एका फायनान्स कंपनीच्या कर्जाचा बोजा अजून चढलेलाच होता. बोजा असला की फायनान्स कंपनीची एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र, आणि ३५ नंबरचा फॉर्म याशिवाय तो उतरत नाही, आणि तो उतरल्याशिवाय गाडी सरळपणे आपल्या नावावर होत नाही. एवढंच नाही, हप्ते थकले असतील तर कंपनीची माणसं आपल्या दारातून गाडी उचलायला येऊ शकतात. बोजाची नोंद कार्डाच्या मागच्या बाजूला असते. झेरॉक्स एकाच बाजूची का दिली होती, ते तेव्हा उमगलं.

विम्याच्या जुन्या कागदावर पत्ता होता. माझे मामा त्याच भागातले. ते मला घेऊन त्या घरी गेले. मूळ मालक मास्तर नव्हतेच, त्यांचं छोटं किराणा दुकान आहे. त्यांनी आम्हाला आत बसवलं आणि सगळं सांगितलं. २०२१ च्या पुरात गाडी अंगणात होती, पाणी खिडकीपर्यंत आलेलं. दुकानातला मालही गेला, हप्ते थकले. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा सक्तीचा झाला, पण आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा वेगळा घ्यावा लागतो, आणि त्यांचा तो संपलेला होता. थर्ड पार्टी विम्यात पुराचे पैसे मिळत नाहीत. एका एजंटाने नऊ हजार दिले, भंगारात जाईल म्हणाला आणि कोऱ्या फॉर्मवर सह्या घेतल्या. तेव्हापासून पुण्याकडची ई-चलनं त्यांच्या मोबाइलवर येत होती. त्यात माझं एकही नव्हतं, सगळी माझ्या आधीची. म्हणजे दुकानदाराने गाडी मधल्या काळात फिरवली, बहुतेक भाड्याने दिली.

त्यांचा चेहरा उतरलेला होता आणि त्याला कारण होतं. आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते, गाडी त्याने आधीच विकलेली असली तरी. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे स्पष्ट केलेलं आहे. म्हणून गाडी विकणाऱ्यांनाही हात जोडून सांगते, कोऱ्या फॉर्मवर सही करू नका. राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर चौदा दिवसांत आरटीओला कळवणं हे विकणाऱ्याचं काम आहे. ते कळवा आणि पोच जपून ठेवा.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्याला आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं, आणि गाडी ताब्यात घेतल्याची नोंद पोर्टलवर करावी लागते. मी गाडी घेतली ती त्यानंतर. अधिकारपत्र दाखवा म्हटल्यावर दुकानदाराने भिंतीवरच्या शॉप अ‍ॅक्टच्या परवान्याकडे बोट केलं. ते हे नव्हे. दुकानात शिरताच अधिकारपत्र मागा. देत नसेल तर पुढचं बोलणंच नको.

पैसे परत मागितले तर म्हणाला, "मॅडम, बिलावर लिहिलंय, जशी आहे तशी. तुम्ही स्वतः बघून घेतलीत." मागे बसवून दाखवलेल्या गाडीला हा माणूस "बघून घेतली" म्हणतो! बुडालेली गाडी लपवून विकणं आणि कर्जाचा बोजा लपवून विकणं या दोन्ही गोष्टी एका ओळीच्या बिलाने धुऊन निघत नाहीत, असं मला वकिलांनी सांगितलं, आणि त्याच बळावर मी पुढे गेले.

जाता जाता, ऑनलाइन जाहिरातीतल्या "फौजी"बद्दलही. माझ्या वॉर्डातल्या एका मुलाला बदली झालेल्या जवानाची म्हणून स्वस्त गाडी दिसली. गणवेशातला फोटो, ओळखपत्र, सगळं पाठवलं, मग गेटपासचे पैसे, मग वाहतुकीचे, मग परत मिळणारं डिपॉझिट. गाडी कधीच आली नाही. डोळ्यांनी न पाहिलेल्या गाडीसाठी एक रुपया पाठवू नका. गेलाच तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन करा, जितका उशीर तितके पैसे पुढे सरकतात.

माझं प्रकरण आता असं आहे. पोलिसांत लेखी तक्रार दिली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज दाखल केला आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. मिस्त्रींनी काय सापडलं ते सही करून लिहून दिलं, हेडलाइटचे आणि कप्लरचे फोटो जोडले. किराणा दुकानदारांनी आपलं निवेदन दिलं. अर्ज दाखल झाल्याचं कळल्यावर दुकानदाराने वीस हजारांत मिटवा म्हणून माणूस पाठवला. मी नाही म्हटलं. मला पूर्ण अठ्ठावन्न हजार हवे आहेत.

तुम्ही या आठवड्यात गाडी बघायला जाणार असाल तर सोबत गाडी चालवणारं माणूस आणि आपला मिस्त्री न्या. त्याला हेडलाइट उघडायला आणि चेसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिलीने ठसा घ्यायला सांगा, तो आरसीशी जुळवा. मूळ आरसी आणि बोजा नसल्याची नोंद दिसेपर्यंत टोकनही देऊ नका. पैसे बँकेतून द्या, आणि काही रक्कम गाडी नावावर होईपर्यंत राखून ठेवायची असं बिलावरच लिहून घ्या.