साल किसायची बारीक किसणी आणि संत्र्याची बोंडं

बेळगावच्या बाजारात गणपत गल्लीच्या बाजूला भांड्यांच्या दुकानात दीड-दोनशे रुपयांना एक लांबट, पट्टीसारखी किसणी मिळते. दात अगदी बारीक, मागं काळी प्लॅस्टिकची मूठ. ती घ्यावी काय, म्हणून गल्लीतल्या सगळ्या विचारायला लागल्यात, तेव्हा एकदाच लिहून टाकते. घ्या. पण खोबरं, गाजर, बटाटा तिच्यावर किसायला जाऊ नका, ते काम तिचं नव्हे. संत्रं, लिंबू आणि जायफळ, एवढ्यासाठीच ती घ्यायची.

आपल्या घरची नेहमीची किसणी असते की, मग ही कशाला? फरक सालीत आहे. संत्र्याचा वास रसात नसतोच म्हटलं तरी चालेल. रसात आंबटगोड चव असते, वास असतो तो सालीच्या वरच्या केशरी थरातल्या तेलात. दिवाळीत पोरं पणतीजवळ साल पिळून ठिणग्या उडवतात, ते हेच तेल. त्या थराखालचा पांढरा भाग मात्र कडू. नेहमीच्या किसणीवर साल घासली की केशरीबरोबर पांढराही निघतो, आणि निम्मी साल छिद्रांतच अडकून बसते. ही बारीक किसणी वरचं तेवढंच उचलते. संत्रं एका जागी एकदाच घासायचं, खाली पांढरं दिसायला लागलं की फिरवायचं. कीस ओलसर, हलका पडतो आणि वास शेजारच्या खोलीत जातो.

हिचं मूळ सुतारकामात आहे, हे मला फार आवडलं. 1994 साली कॅनडात ओटावा गावी लॉरेन ली नावाच्या बाई संत्र्याचा केक करत होत्या. घरची किसणी नीट चालेना, म्हणून त्यांनी नवऱ्याच्या हत्यारांच्या दुकानातली लाकूड घासायची नवी कानस घेतली आणि साल भराभर निघाली. पुढं ती कानस करणाऱ्या मायक्रोप्लेन कंपनीनं स्वयंपाकघरासाठी ह्या किसण्या बाजारात आणल्या. ती अस्सल हजाराच्या वर जाते. आपल्या बाजारातली तिची नक्कल आहे, पण सालीचं काम चोख करते.

आता बोंडं, म्हणजे मैद्याचे तळलेले गोड गोळे. पोरं शाळेतून आल्यावर अर्ध्या तासात होतात. फुगत ठेवायचं, यीस्ट उठायची वाट बघायची, असलं काही नाही. वाटीभर मैदा, दोन चमचे बारीक रवा, चमचाभर बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ एकत्र चाळून घ्या. वेगळ्या ताटलीत पाव वाटी साखर आणि एका संत्र्याची किसलेली साल घेऊन बोटांनी चांगली चोळा. ही पायरी सोडू नका. साखरेच्या दाण्यांनी साल खरडली जाते, तेल सुटतं आणि साखर ओलसर केशरी होते. त्यातली दोन चमचे साखर बाजूला ठेवायची, उरलेली साखर अर्धी वाटी घट्ट दह्यात ढवळायची आणि मैद्यात घालायची. लागलं तर दूध, पण जपून. चमच्यातून सावकाश, जड पडेल इतपतच सैल हवं. फार घोटू नका, बोंडं चिवट होतात.

काहीजणी वास यावा म्हणून पिठात संत्र्याचा रस ओततात. त्यानं पीठ सैल होतं, आंबटपणा बेकिंग पावडरमधल्या सोड्यात जिरून जातो आणि तळल्यावर हाताला काहीच लागत नाही. रस पोरांना प्यायला द्या.

तेल मध्यम तापलेलं पाहिजे. पिठाचा थेंब टाकला तर तळाशी जाऊन सावकाश वर यावा. टाकल्याबरोबर उसळून लाल झाला तर आच कमी करा, नाहीतर वरनं करपून आत कच्चं राहतं. आमच्याकडं तळणाला शेंगतेल, पण ह्या बोंडांना नको. त्याचा वास सालीच्या वासावर चढून बसतो. सूर्यफुलाचं चालतं. बोंडं लिंबापेक्षा लहान सोडायची, आपोआप उलटतात. काढून कागदावर टाकली की गरम असतानाच बाजूला ठेवलेली केशरी साखर वर भुरभुरायची. तेलाच्या उष्णतेनं पिठातल्या सालीचा बराच वास उडून जातो. खाताना जो वास येतो तो ह्या वरच्या साखरेचा.

फळ कुठलं घ्यायचं, तेही सांगते. थंडीत येणारं नागपुरी संत्रं खायला एक नंबर, पण त्याची साल सैल आणि पोकळ. किसताना दबते आणि किसणी घसरते. घट्ट सालीचं बघून घ्या. किन्नू आलं असेल तर उत्तमच. बाहेरून येणाऱ्या चकचकीत संत्र्यांवर मेण असतं, ती कोमट पाण्यात चोळून धुवा आणि पुसून कोरडी करा. मोसंबीच्या सालीला फारसा दम नाही. पावसाळ्यात संत्रं नसतं तेव्हा लिंबू. विजापूरकडच्या इंडीचं लिंबू आपल्या मंडईत असतंच, त्याचा वास तिखट, छान. पण साल पातळ असते, हात अगदी हलका ठेवा. एवढ्याच पिठाला दोन लिंबांची साल पुरे.

आमच्या आत्ती, म्हणजे सासूबाई, निपाणीच्या. मैद्याच्या तळणीला त्या नाक मुरडतात. पण किसणीचा खरा उपयोग त्यांनीच काढला, पाकातल्या पुऱ्यांना. पाकात लिंबू पिळायची पद्धत जुनीच आहे, आंबटानं पाक साखरत नाही. आत्तींनी पाक उतरवला, लिंबू पिळलं आणि पाक जरा निवल्यावर वरनं साल किसली. रव्याच्या पुऱ्या त्यात बुडवून ताटात उभ्या लावल्या. मोठे दीर आत येता येताच, "काय घातलीस गं ह्यात? वास दारापर्यंत आलाय की." आत्तींनी उत्तर दिलं नाही, नुसती किसणी धुऊन आपल्या डब्यामागं ठेवली. आता मला मागून घ्यावी लागते.

मॉलमध्ये संत्र्याच्या चवीचं डोनटचं तयार पीठ मिळतं, तेही आणून बघितलं. नाव लिहीत नाही. मागच्या यादीत आयएनएस 110, म्हणजे कृत्रिम केशरी-पिवळा रंग, त्याखाली कृत्रिम स्वाद, आणि संत्रं कुठंच नाही. फुगतात झकास. खाल्ल्यावर तोंडात गोळीची चव राहते. पोरांना ती आवडली, हे प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे.

किसणीत खोट आहे ती मुठीची. पट्टी मुठीत नुसती खोचलेली असते, गरम पाण्यात घासून घासून हलायला लागते. दुकानात घेताना पट्टी धरून मूठ पिळून बघा, हलली तर दुसरी मागा. दातांना झाकण येत नाही, तेव्हा चमच्यांच्या खणात टाकू नका, घाईत हात घालणारा बोटं सोलून घेईल. आलं हिच्यावर किसू नका, धागे दातांत अडकून बसतात. वापरल्यावर लगेच उलट्या बाजूनं नळाखाली धरायची, साल वाळली की ब्रशनंही निघत नाही. पाचातले चार गुण देते. मूठ लाकडी, रिबिट मारलेली असती तर पाचही दिले असते.