जॉक स्कॉटसाठी रंगवलेली पिसं : हिवाळाभर वापरल्यानंतर

दुर्मिळ पक्ष्यांची पिसं न वापरता व्हिक्टोरियन पद्धतीची सॅल्मन फ्लाय मनासारखी बांधता येते का? (फ्लाय म्हणजे मासा गळाला लागावा म्हणून हुकावर पिसं आणि रेशीम बांधून केलेलं आमिष; जॉक स्कॉट ही सॅल्मन माशासाठीची अशीच एक जुनी फ्लाय.) मागच्या शरदात एका छोट्या विक्रेत्याकडून पर्यायी पिसांचा संच मागवला तो एवढ्याचसाठी. मी स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनला राहतो. इथल्या डी नदीवरचा सॅल्मनचा मोसम १५ ऑक्टोबरला संपतो, तो थेट फेब्रुवारीत उघडतो. मधल्या लांबलचक संध्याकाळी आणि त्यानंतरही हाच संच हातात होता. बांधता येते, आणि फार सुंदर बांधता येते.

जॉर्ज केल्सनचं सॅल्मन फ्लायवरचं १८९५ सालचं पुस्तक उघडलं की टूकन, ब्लू चॅटरर, इंडियन क्रो, बस्टर्ड, मकाव अशी पक्ष्यांची यादी समोर येते. (इंडियन क्रोचा भारताशी काही संबंध नाही, तो दक्षिण अमेरिकेतला पक्षी.) ही पिसं तेव्हा जहाजांतून लंडनला यायची. आज त्यांच्या हव्यासापायी काय होतं ते २००९ मध्ये इंग्लंडमधल्या ट्रिंगच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयात दिसलं: एका फ्लाय बांधणाऱ्यानेच तिथून २९९ पक्ष्यांची कातडी चोरली. त्यातल्या कित्येकांवरच्या नोंदींच्या चिठ्ठ्या काढून टाकल्यामुळे ती अभ्यासाला कायमची मुकली. मला हे फार लागलं. या कलेवर प्रेम असेल तर पर्यायी पिसांवरच हात बसवायला हवा, असं मी ठरवलं.

संचातली सर्वात चांगली गोष्ट म्हणजे रंगवलेली गूसच्या खांद्याची पिसं. मूळ कृतीत इथे राजहंसाची (स्वानची) पिसं असतात. जॉक स्कॉटचा पंख म्हणजे पिवळे, तांबडे, निळे तंतू, त्यांच्यावर बस्टर्ड, फ्लोरिकन आणि गोल्डन फेझंटच्या शेपटीचे तंतू, हे सगळं एकमेकांना जोडून केलेली एकच पट्टी. तंतूंच्या कडेला बारीक आकडे असतात. दोन तंतू शेजारी ठेवून बोटांनी हलकेच टोकाकडे सरकवले की ते झिपसारखे एकमेकांत अडकतात. डाव्या पंखाला डाव्या बाजूचीच पिसं लागतात, उजव्याला उजव्या. रंगवताना पीस फार उकळलं गेलं तर हे आकडे निकामी होतात. या संचात पिवळं आणि निळं पीस अप्रतिम जुळतं, तांबडं मात्र थोडं कडक आहे. वाफेवर क्षणभर धरलं की तेही ऐकतं. मोठ्या हुकांना गूसचे तंतू आखूड पडतात, तिथे टर्कीच घ्यावी.

बस्टर्ड आणि फ्लोरिकनच्या जागी ठिपकेदार टर्की दिली आहे. फ्लोरिकन म्हणजे आपला तणमोर, आणि बस्टर्ड माळढोकाच्या कुळातला. हे पक्षी आज कोणत्या अवस्थेत आहेत हे विदर्भ-सोलापूरकडच्या वाचकांना वेगळं सांगायला नको. बांधून झालेल्या पंखात टर्कीचे तंतू हातभर अंतरावरून वेगळे ओळखू येत नाहीत.

फ्लायच्या गालावरचं, म्हणजे पंखाच्या बाजूला बसवायचं, मेणाच्या थेंबासारखं पीस सह्याद्रीतल्या राखी रानकोंबड्याच्या मानेचं. भारतातून त्याची निर्यात बंद आहे. इथे मिळतात ती पाळून वाढवलेल्या पक्ष्यांची. महाग आहेत, पण त्यांना पर्याय म्हणून संचात टाकलेली रंगाचे ठिपके दिलेली पिसं मला अजिबात पटली नाहीत. थेंबाची ती चकाकी रंगाने येत नाही. एवढा एक खर्च वेगळा करावा.

टूकनचा पर्याय हाही कच्चा दुवा. जॉक स्कॉटच्या अंगाच्या पुढच्या अर्ध्या भागात काळं रेशीम आणि मागच्या अर्ध्या भागात पिवळं. त्या पिवळ्यावर टूकनची इवली पिसं पांघरायची असतात. संचातली पिवळी कोंबडीची पिसं मऊ आहेत, ती पसरतात आणि सांधा जाड होतो. त्याऐवजी गोल्डन फेझंटच्या तुऱ्याची टोकं वापरली तर झळाळी जवळपास मिळते. तुरा वाकडा असेल तर ओला करून काचेच्या पेल्याच्या कडेला चिकटवून वाळू द्यावा, हवा तसा बाक येतो.

बिनपिळाचं रेशीमही संचात आहे. रंग छान, पण खरखरीत बोटाला लगेच अडकतं, म्हणून सुती हातमोजा घालूनच गुंडाळावं. पिवळ्याखाली पांढरा दोराच हवा. लाखेचा हात दिल्यावर रेशीम पारदर्शक होतं आणि खालचा काळा दोरा डागासारखा दिसतो.

वसंतात एक फ्लाय नदीत चालवून पाहिली. चंदेरी जर काळवंडली नाही, पंख जुळलेलाच राहिला. तांबड्याचा रंग शेजारच्या पिवळ्यावर किंचित उतरला. विक्रेत्याला कळवलं, त्याने पुढची रंगाई व्हिनेगर वाढवून करतो असं सांगितलं.

आता पुढच्या मागणीत निळं-पिवळं गूस दुप्पट घेणार, ठिपकेवाली पिसं आणि टूकनचा पर्याय वगळणार, आणि वाचलेल्या पैशात गोल्डन फेझंटचं आख्खं डोकं.