टेस्ट लुगर की कोल्ट 1900? दोन्ही बाळगून झाल्यावरचं माझं मत

अमेरिकन सैन्याच्या सुरुवातीच्या ऑटोमॅटिक चाचण्यांमधलं एखादं पिस्तूल घ्यायचं म्हटलं की बरेच जण फिरून फिरून दोन नावांवर येऊन अडतात. एक म्हणजे 1900 चं अमेरिकन ईगल टेस्ट लुगर, म्हणजे सैन्यानं चाचणीसाठी घेतलेलं जर्मन पिस्तूल, दुसरं अमेरिकेच्या कोल्ट कंपनीचं मॉडेल 1900. सॅव्हेज कंपनीचं .45 (इंचात गोळीचं माप) आणि कोल्टचं 1907 चं सैन्याच्या कॉन्ट्रॅक्टचं पिस्तूल पण आहेत, पण ती सैन्याकडे साधारण दोनदोनशेच गेली होती, आणि सॅव्हेजची बरीचशी चाचण्यांनंतर कंपनीकडेच परत येऊन साध्या गिऱ्हाइकांना विकली गेली, त्यामुळे धड अवस्थेतलं मिळणं कठीण आणि मिळालं तरी नोकरदार माणसाच्या खिशाला झेपत नाही. म्हणून इथे पहिल्या दोघांबद्दलच लिहितो. टेस्ट लुगर माझ्याकडे चार वर्षं होतं, आता कोल्ट आहे.

लुगरबद्दल वाईट बोलायला माझी जीभ रेटत नाही. हातात घेतलं की खाली ठेववत नाही असं पिस्तूल आहे ते. ग्रिपचा कोनच असा की नुसतं बोट दाखवावं तसं ते समोर रोखलं जातं, टॉगल, म्हणजे वरचा दुमडणारा सांधा, उचलताना घड्याळाच्या आतल्या कामासारखं मऊ चालतं, आणि गर्द निळ्या अंगावर छोट्या पार्ट्सचा तो गवती पिवळा रंग, चेंबरवरचा गरुड... मी संध्याकाळी कधीकधी काही कारण नसताना बाहेर काढून बघत बसायचो. इतिहासही मोठा आहे. 1901 मध्ये सैन्यानं 1000 घेतली, घोडदळाच्या तुकड्यांना वाटली, काही क्युबा आणि फिलिपिन्सलाही गेली. पण 7.65 मिलिमीटरची गोळी सैन्याला लहान वाटली, पुढे कुठल्या मापाची गोळी जास्त परिणामकारक ते बघणाऱ्या 1904 च्या थॉम्पसन-लागार्ड चाचण्यांनंतर तर .45 च हवं असंच ठरलं, आणि 1906 मध्ये ही लुगर सरकारनं विकायला काढली, त्यातली बरीचशी न्यूयॉर्कच्या बॅनरमन या जुन्या लष्करी मालाच्या व्यापाऱ्यानं घेतली.

आता माझं जिथे बिनसलं ते सांगतो. या पिस्तुलांवर सैन्याचा असा शिक्का सहसा नसतोच. इन्स्पेक्टरची अक्षरं नाहीत, सरकारी मालकीची खूण नाही. आणि तोच गरुड असलेली लुगर त्याच वर्षांत अमेरिकेतल्या दुकानांतूनही विकली जात होती. मग टेस्टचं कुठलं हे ठरवायचं कशावरून, तर सिरियल नंबरवरून. साधारण 6100 ते 7100 च्या आसपासचे नंबर टेस्टचे, असं कलेक्टर मंडळी धरून चालतात. माझं त्या पट्ट्यात व्यवस्थित बसत होतं, डीलरनं त्याच भरवशावर टेस्टचा भाव लावला आणि मीही खुशीनं दिला.

वर्षभरानं एक बुजुर्ग कलेक्टर घरी जेवायला आले होते, त्यांना मोठ्या हौसेनं दाखवलं. त्यांनी उलटंसुलटं करून बघितलं आणि अगदी सहज विचारलं, "यात सैन्याचं काय आहे?" मी नंबर सांगितला. ते म्हणाले, "नंबर ठीक आहे हो, पण पिस्तूल काय म्हणतंय?" त्यांचा हेतू चांगलाच होता, पण तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. त्यानंतर दरवेळी ते पिस्तूल काढलं की मी त्याच्यावर काहीतरी शोधतच बसायचो, नुसतं बघण्यातला आनंदच गेला. शेवटी विकायला काढलं तेव्हा तर दोघांनी सरळ दुकानी गरुडाचा भाव सांगितला, कारण त्यांच्या मते पुरावा नव्हता, आणि मला वाद घालता येईना कारण दाखवायला खरंच काही नव्हतं. सोबत जुनं सरकारी होल्स्टर असतं तर थोडा फरक पडला असता कदाचित, पण त्या होल्स्टरच्या नकला इतक्या झाल्यात की तिथेही पुन्हा तोच प्रश्न.

कोल्ट 1900 दिसायला लुगरच्या जवळपासही येत नाही, हे मान्य. ग्रिप सरळ, मनगट मुद्दाम वाकवावं लागतं, बॅरल लांब त्यामुळे तोंडाकडे जड. पण सैन्याकडे गेलेल्या कोल्टवर ते लिहिलेलं असतं. नेव्हीनं घेतलेल्यांवर नेव्हीचा शिक्का आणि तिचा स्वतःचा वेगळा नंबर, आर्मीच्यांवर इन्स्पेक्टरची अक्षरं. त्यातलं जे.टी.टी. म्हणजे जॉन टी. थॉम्पसन, लागार्डबरोबर त्या 1904 च्या चाचण्या घेणारा तोच माणूस! आणि वर कोल्टच्या अर्काइव्हमधून फी भरून लेटर मागवता येतं, तुमच्या नंबरचं पिस्तूल कधी आणि कुणाकडे पाठवलं ते त्यात येतं. माझं लेटर आलं त्या दिवशी मी ते बायकोला वाचून दाखवलं, मग मुलीला, मग पुण्याला फोन करून बाबांना.

कोल्टमध्येही एक मोठी गोम आहे, ती बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. याची सेफ्टी म्हणजे मागची साइट, ती खाली दाबली की फायरिंग पिन अडते. ते कुणाला फारसं पटलं नाही, कंपनीनंही पुढे सोडून दिलं, आणि बरीच पिस्तुलं नंतर साधी साइट बसवून बदलून घेतली गेली. न बदललेलं मिळालं तर त्याचा भाव वेगळा आणि मला वाटतं तो देण्यासारखा आहे. माझं बदललेलं नाही, त्यासाठी दोन वर्षं थांबलो.

चालवायचं म्हणाल तर मी दोन्ही चालवली नाहीत. कोल्टची स्लाइड पुढे एका छोट्या आडव्या पाचरीवर अडकलेली असते, ती नसली किंवा निसटली तर स्लाइड मागे थेट तोंडावर येऊ शकते. आणि नंतर निघालेली .38 सुपरची गोळी मापानं यात बसते म्हणून कुणी भरू नका, तिचं प्रेशर कितीतरी जास्त असतं. बॅरलला खाली जोडणाऱ्या त्या दोन लिंक (छोट्या कड्या) आणि ही पाचर बघितली की याचा डिझायनर जॉन ब्राउनिंग पुढे एका लिंकवर कसा आला ते हातात धरून समजतं. सैन्याच्या मार्च 1911 च्या शेवटच्या चाचणीत त्याचं पिस्तूल 6000 गोळ्या न अडता चाललं, सॅव्हेज 37 वेळा अडलं. त्या सगळ्या रस्त्याची सुरुवात माझ्या कपाटात आहे, हे लुगरबद्दल मला म्हणता येत नव्हतं.

कायद्याचं थोडक्यात, कारण अमेरिकेतली आपली बरीच मंडळी विचारतात. दोन्ही 1898 नंतरची, त्यामुळे अमेरिकेच्या फेडरल कायद्यात ती अँटिक धरत नाहीत. जुन्या वस्तूंसाठीचं कलेक्टर लायसन्स मिळतं, तीन वर्षांचे 30 डॉलर. पण एच-वन सारख्या व्हिसावर असाल तर बंदूक बाळगायलाच बंदी आहे, काही अपवाद सोडून, तेव्हा आधी वकिलाला विचारा. राज्याराज्यांचे नियम निराळे. आणि पुढेमागे भारतात नेऊ वगैरे डोक्यात असेल तर ते आत्ताच काढून टाका.

तुम्हाला वस्तू म्हणून देखणी हवी असेल, रोज काढून बघायची असेल, तर लुगर घ्या, खरंच घ्या, पण मग दुकानी गरुडच घ्या, तेच काम तीच नजाकत आणि पैसे कमी. टेस्ट या शब्दासाठी जास्तीचे पैसे मोजणार असाल तर मी तरी कोल्टकडे वळेन. त्यातही आधी विकणाऱ्याला सांगा की लेटर येईपर्यंत थांबा. माझ्यावाला सात आठवडे थांबला होता, त्याच्या आधी भेटलेला एक जण दुसऱ्या दिवशीच फोन उचलेनासा झाला.