‘नस जागी होतेय’ असं सांगत माझ्याकडून पैसे उकळले

चालताना चवड्यात आग होते. बुटात खडा गेल्यासारखं टोचतं, पण बूट काढून झटकला तर आतून काहीच पडत नाही. तिसरं आणि चौथं बोट बधिर पडतं, मधूनच करंट लागल्यासारखी कळ जाते आणि बूट काढून पाय चोळला की बरं वाटतं. असं दुखणं अंगावर काढणाऱ्यांसाठी मी हे लिहिते आहे. याच दुखण्यावर ‘विनाऑपरेशन नसांचं पुनरुज्जीवन’ करून देतो म्हणणाऱ्या एका केंद्रानं मला फसवलं. माझी तक्रार चालू आहे, म्हणून केंद्राचं नाव देत नाही. तसंही नाव बदलून हेच करणारे पुष्कळ असतील, त्यामुळे त्यांची पद्धत नीट सांगते.

सुरुवात तपासणीपासून झाली. मला एका सपाट यंत्रावर उभं केलं आणि पडद्यावर माझ्या पावलांचं रंगीत चित्र आलं. टाचा लाल, चवडे लाल, मधली कमान निळी. पांढरा कोट घातलेल्या माणसानं चवड्याच्या लाल भागावर पेन टेकवलं आणि म्हणाला, “ताई, ही बघा, इथे नस जळतेय. असंच सोडलंत तर मरेल, मग गाठ होईल, आणि गाठ म्हटल्यावर पुढचं तुम्हाला सांगायला नको.” एवढं ऐकल्यावर कोणाच्याही पोटात गोळा येईल. त्याच बैठकीत पूर्ण पॅकेजचे पैसे आगाऊ भरून घेतले.

आता खरं काय ते सांगते. ते यंत्र पायाखाली कुठे किती दाब पडतो एवढंच दाखवतं. उभ्या माणसाचं वजन टाचेवर आणि चवड्यावर येतं, त्यामुळे धडधाकट माणसाच्या पावलातही तोच भाग लाल दिसतो. नस त्यात दिसत नाही, दिसूच शकत नाही. आणि एक गोष्ट मला नंतर फार खटकली: त्या माणसानं माझ्या पायाला एकदाही हात लावला नाही.

मग पाय पाण्यात बुडवून ‘विष काढण्याचा’ कार्यक्रम. टबात कोमट पाणी, त्यात मीठ आणि वायर जोडलेली धातूची गुंडाळी. यंत्र चालू केलं की पाणी आधी पिवळट, मग गंजासारखं तपकिरी व्हायचं आणि वर काळे कण तरंगायचे. तिथली मुलगी म्हणायची, “बघा, नसांवर किती घाण साचली होती.” एके दिवशी तिनं चुकून यंत्र आधीच चालू केलं. मी अजून चपला काढत होते आणि टबातलं पाणी तपकिरी व्हायला लागलं होतं. तिनं घाईघाईनं ते ओतून टाकलं. मिठाच्या पाण्यातून वीज गेली की गुंडाळीतलं लोखंड झिजतं, त्याचाच तो गंज. पाय आत असले काय, नसले काय, पाणी तसंच होणार. तळपायाच्या कातडीतून असं विष बाहेर पडत नाही, ते काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात.

पैसे सर्वांत जास्त लागले ते ‘खास तुमच्या मापाच्या’ सोलना. त्यांना चवड्याखाली एक टणक उंचवटा होता, नेमका जिथे दुखत होतं तिथेच. ते घालून दोन पावलं टाकली तरी डोळ्यांतून पाणी यायचं. तक्रार केली तर उत्तर ठरलेलं: “नस जागी होतेय, दुखणारच.” एखाद्या दिवशी कमी दुखलं तर उपचार लागू पडला. काहीच फरक नसला तर नस खोल झोपली आहे, बैठका वाढवा. दुखणं वाढो, घटो की तसंच राहो, प्रत्येक वेळी त्यांचंच खरं आणि पैसे आपणच भरायचे. वर सांगायचे की दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊ नका, ते थेट कापाकापी करतात. सोबत बी-१२च्या गोळ्या दिल्या. रक्त तपासायचं मात्र नाव नाही. बी-१२ कमी असेल तर त्या गोळ्यांचा उपयोग होतो, पण दोन हाडांमध्ये दबलेली नस गोळीनं मोकळी होत नाही.

शेवटी मी अस्थिरोगतज्ज्ञांकडे गेले. कुठे टोचतं, कोणतं बोट बधिर होतं, कोणत्या चपलांत वाढतं, हे त्यांनी आधी विचारलं. मग एका हातानं चवडा दोन्ही बाजूंनी आवळला आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं तिसऱ्या-चौथ्या बोटांच्या मुळाशी, दोन हाडांच्या मधल्या जागेत खालून दाबलं. आत ‘कट्’ झालं आणि तीच ओळखीची कळ दोन्ही बोटांत गेली. या खुणेची नोंद मल्डर नावाच्या डॉक्टरांनी १९५१ मध्ये केली होती. एक्स-रेमध्ये नस दिसत नाही. हाडाला बारीक चीर किंवा सांध्याची झीज तर नाही ना, हे पाहायला तो काढला. सोनोग्राफीत नसेभोवतीचा जाडपणा दिसला.

या दुखण्याला मॉर्टन न्यूरोमा म्हणतात. मॉर्टन या अमेरिकन सर्जननी १८७६ मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणजे यात नवं किंवा गूढ काही नाही. बोटांकडे जाणारी नस चवड्याच्या हाडांमधून, त्यांना बांधणाऱ्या पट्ट्याखालून जाते. अरुंद टोकाचे बूट आणि उंच टाचा यांनी तिथे सतत दाब आणि घर्षण होतं आणि नसेभोवती चिवट आवरण जाड होत जातं. बायकांमध्ये हे जास्त आढळतं. हा कॅन्सर नाही आणि याचा कॅन्सर होतही नाही. ‘गाठ’ म्हणत जी भीती घालून मला पैसे भरायला लावले, ती साफ खोटी होती.

उपचारही साधेच निघाले. पुढून रुंद, बोटं मोकळी राहतील असे बूट, टाच कमी आणि आत एक छोटी मऊ गादी. ही गादी दुखऱ्या जागेखाली ठेवायची नसते. ती तिच्या जरा मागे, टाचेच्या बाजूला बसली की हाडं किंचित फाकतात आणि नसेवरचा दाब कमी होतो. डॉक्टरांनी युक्ती सांगितली: दुखऱ्या जागेवर लिपस्टिकचा ठिपका लावायचा, बुटात पाय घालून उभं राहायचं, सोलवर डाग उमटतो. गादी त्या डागाच्या मागे चिकटवायची. त्या केंद्राचा सोल काढून मी हेच करून पाहिलं. त्यांचा उंचवटा बरोबर डागावर येत होता.

एवढ्यानं भागलं नाही तर स्टेरॉइडचं इंजेक्शन असतं. काहींना त्याचा चांगला आराम पडतो. मात्र ते वारंवार घेतलं तर चवड्याखालची चरबीची नैसर्गिक गादी झिजू शकते. ऑपरेशन सगळ्यात शेवटी. नस काढली तर बोटांमधला बधिरपणा कायम राहतो आणि क्वचित कापलेल्या टोकाशी पुन्हा दुखरा फुगवटा येतो. हे सगळं मला उपचार ठरवायच्या आधी सांगितलं गेलं. माझा आराम सध्या बूट आणि गादी यांवरच आहे. पूर्ण गेलेलं नाही, पण दिवसभर उभं राहून काम करता येतं.

सर्वांत जास्त संताप मला माझ्या पैशांचा येत नाही. त्या केंद्रात माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक आजोबा बसायचे. मधुमेह जुना, दोन्ही पायांची सारखीच आग, बोटांकडून घोट्यापर्यंत चढत आलेली. हे दुखणं पूर्ण वेगळं. त्यात साखर आटोक्यात ठेवणं, पायांची रोज पाहणी करणं आणि डॉक्टरांची देखरेख लागते. त्यांनाही तेच पॅकेज, तोच टणक सोल आणि तेच टबातलं कोमट पाणी. अशा पायांना चटका कळत नाही. पाणी जास्त गरम असलं किंवा सोलनं कातडी घासली, तर जखम होते आणि ती चिघळते. मी त्यांच्या मुलाला गाठून हे सांगितलं, आणि त्यानं त्यांना तिथे न्यायचं थांबवलं.

माझ्या पावतीवर रोगाचं नाव कुठेच नाही, नुसतं ‘थेरपी पॅकेज’. तपासणाऱ्याचं नाव आणि नोंदणी क्रमांकही नाही. लेखी मागितल्यावर टाळाटाळ झाली, मग फोन उचलणं बंद झालं. पावती, जाहिरातीचा फोटो, त्यांचे मेसेज आणि डॉक्टरांचा अहवाल जोडून मी ग्राहक तक्रार केली आहे. तुम्ही अशा ठिकाणी पैसे भरले असतील तर ते सोल आणि कागद फेकू नका, मेसेज पुसू नका आणि उरलेल्या बैठकांचे पैसे लेखी मागा. पायाचे उपचार मात्र तोपर्यंत थांबवून ठेवू नका, आधी हातानं तपासणाऱ्या डॉक्टरांना पाय दाखवा.