चलन खरं, आकडा खोटा

भोसरीत आमचं छोटं युनिट आहे. शीट मेटलचे प्रेस पार्ट आणि थोडं वेल्डिंग. माणसं चौतीस. शॉप फ्लोअर हे बघतात, ऑफिस मी. त्यामुळे पुढे जे सांगणार आहे त्यातली चूक कुणाची, हे शोधायला फार लांब जायला नको.

२०२१ पर्यंत पगारपत्रक, पीएफ, ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) हे सगळं निगडीहून संध्याकाळी येणारे एक काका करायचे. चष्मा कपाळावर, लाल रेक्झिनचं रजिस्टर, आणि प्रत्येक चलनावर पेन्सिलने बारीक टिक. गुडघे गेले आणि ते थांबले. तेवढ्यात एका पेरोल सर्व्हिसवाल्याचा माणूस आला. माणशी महिना १२० रुपये आणि वर जीएसटी. ॲप, मोबाईलवर पगाराची स्लिप, कामगारांसाठी हेल्पलाइन. हिशेब केला तर काकांना देत होतो त्याहून कमीच पडत होतं. करार झाला. तीन पानं. मी वाचली, पण आपण विम्याचा फॉर्म जसा वाचतो तशी.

त्या करारातलं एक वाक्य आता पाठ आहे. त्यांच्याकडून काही चूक झाली तर जास्तीत जास्त भरपाई एका महिन्याच्या फीएवढी. म्हणजे आमच्या बाबतीत ४,०८० रुपये.

पहिलं वर्ष चोख गेलं. अशी माणसं पहिलं वर्ष चोखच ठेवतात. कुरकुर होती ती कामगारांची. कुणाचा चौदा तासांचा ओव्हरटाइम चारच तास धरला, कुणाची भरपगारी रजा बिनपगारी लागली. हेल्पलाइनला फोन केला की टिकेट नंबर मिळायचा आणि त्यापुढे काहीच नाही. आमचा जुना फोरमन एकदा म्हणाला, "वहिनी, पूर्वी काकांच्या टेबलाशी उभं राहिलं की चूक दुरुस्त व्हायची. आता उभं कुठं राहायचं?" मी हसले. नव्या पद्धतीला वेळ लागतो, असं काहीतरी म्हणाले असेन.

२०२२ च्या उन्हाळ्यात त्यांनी सुचवलं, "ताई, पीएफचं वेगळं, ईएसआयचं वेगळं, पीटीचं म्हणजे व्यवसाय कराचं वेगळं, दर महिन्याला नेटबँकिंग करत कशाला बसता? सगळं एकत्र आमच्या खात्यावर टाका. आम्ही भरतो आणि तीनही चलनं तुम्हाला मेल करतो." पीएफच्या पोर्टलचा पासवर्ड त्यांच्याकडे होताच. नोंदवलेला मोबाईल नंबर आणि ईमेलही त्यांचाच होता, कारण "ओटीपीसाठी तुम्हाला सारखा त्रास नको". यांच्या डिजिटल सहीचा पेनड्राइव्हसुद्धा त्यांच्या ड्रॉवरमध्ये पडलेला असायचा. घराची किल्ली, तिजोरीची किल्ली आणि वर कुलूप बदलायचा अधिकार. आम्ही काही म्हणजे काही हातात ठेवलं नव्हतं.

आकडे सांगते, नाहीतर ही लबाडी कशी केली ते कळणार नाही. आमच्या चौतीस जणांचा पीएफ लागू होणारा पगार मिळून महिन्याला ४,५९,००० रुपये. कामगाराचे १२ टक्के, आमचे १२ टक्के, शिवाय प्रशासन शुल्क अर्धा टक्का आणि विम्याचा अर्धा टक्का. एकूण २५ टक्के, म्हणजे १,१४,७५० रुपये. हे मी दर महिन्याच्या दहा तारखेला पाठवायचे. पंधराच्या आत भरायचे असतात. सोळाला मेलवर पीडीएफ यायची. त्यावर टीआरआरएन (प्रत्येक पीएफ चलनाचा वेगळा नंबर), बँकेची तारीख, रक्कम १,१४,७५०, सदस्य ३४. प्रिंट काढून मी फाइलला लावायची. पेन्सिलची टिक मात्र करत नव्हते.

दिवाळीनंतर, म्हणजे नोव्हेंबरच्या सुरुवातीला, आमचा एक हेल्पर ऑफिसच्या दारात येऊन उभा राहिला. परभणीकडचा. गावी गेला होता, तिथे सेवा केंद्रावर मेहुण्याने त्याचं पीएफ पासबुक उघडून दाखवलं होतं. "मॅडम, मे महिन्यापर्यंतच पैसे दिसतात. पुढं कोरं आहे."

मी पेरोलवाल्यांना फोन लावला. ते म्हणाले, "सगळ्यांचंच तसं दिसतंय ताई, पीएफचं सॉफ्टवेअर बदलतायत." यात त्यांची हुशारी बघा. त्या दिवाळीत २०२१-२२ चं ८.१ टक्के व्याज खरोखरच बऱ्याच जणांच्या पासबुकात दिसत नव्हतं आणि सॉफ्टवेअर बदलत असल्याचं सरकारनेच जाहीर केलं होतं. बातमी मी स्वतः वाचलेली. व्याज वेगळं आणि दरमहाचा हप्ता वेगळा, एवढं मला कळायला हवं होतं. मी त्या पोराला फाइलमधलं चलन काढून दाखवलं. "हे बघ, भरलेत." तो चलनाकडे बघत राहिला. त्याला ते वाचता आलं असेल की नाही, देव जाणे. "बरं मॅडम," म्हणाला आणि मशीनवर गेला.

डिसेंबरात तो पुन्हा आला. या वेळी पेरोलवाल्यांनी सांगितलं की त्याच्या आधारवरचं नाव आणि पीएफमधलं नाव जुळत नाही, म्हणून त्याचं अडकलंय. हेही ऐकायला अगदी खरं वाटणारं. यूएएनला, म्हणजे कामगाराच्या पीएफ नंबरला, आधार जोडलेलं नसेल तर २०२१ च्या सप्टेंबरपासून त्या माणसाची रक्कम चढतच नाही. मी त्यालाच ओरडले, आधार दुरुस्त करून आण म्हणून. त्याने अर्ध्या दिवसाची रजा टाकली, केंद्रावर रांग लावली आणि आधारमध्ये काहीच चूक नाही असं कळून परत आला. तो अर्धा दिवसही स्लिपमध्ये बिनपगारी लागला.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात तो तिसऱ्यांदा आला. प्लॅस्टिकच्या पिशवीत पासबुकाची प्रिंट घेऊन. क्वालिटीत काम करणारी आमची एक मुलगी तेव्हा रिपोर्ट द्यायला आली होती. ती म्हणाली, "मॅडम, चलनावरचा नंबर साइटवर टाकून बघू या का?"

पीएफच्या वेबसाइटवर आस्थापना शोधायचं एक पान आहे. त्याला लॉगिन लागत नाही, पासवर्ड लागत नाही. कंपनीचं नाव किंवा कोड टाकला की महिन्यागणिक चलनं समोर येतात. टीआरआरएन, जमा झाल्याची तारीख, रक्कम, माणसं किती. कुणीही बघू शकतं, मालक किंवा कामगार. सात वर्षं मी ऑफिस सांभाळत होते आणि ते पान मला माहीत नव्हतं.

टीआरआरएन खरा होता. तारीख खरी होती. रक्कम ५४,००० रुपये. सदस्य १६.

जूनपासून जानेवारीपर्यंत आठही महिने तेच. सोळा जणांचं भरायचं, अठरा जणांचं खिशात घालायचं, आणि खऱ्या चलनाच्या पीडीएफमध्ये दोनच आकडे बदलून मला पाठवायचं. नीट पाहिलं तर बदललेल्या आकड्यांचा टाइप किंचित जाड दिसतो. ते आता दिसतं.

पण मला सगळ्यात जास्त झोंबलं ते त्या अठरा जणांची यादी केल्यावर. फोरमन त्यात नव्हता. ती क्वालिटीची मुलगी नव्हती. ज्यांच्या मोबाईलवर दर महिन्याला जमा झाल्याचा मेसेज येतो, जे उमंग ॲप उघडतात, त्यांच्यातलं एकही नाव नव्हतं. अठराच्या अठरा हेल्पर, पॅकिंगच्या बायका, बिहारकडची पोरं, ज्यांचे नोंदवलेले नंबर कधीच बंद पडलेत. पासबुक कोण बघत नाही, ते आधी बघून मग चोरी केली होती.

पेरोलवाल्यांच्या चिंचवडच्या ऑफिसात गेलो तर चहा आला. साहेब शांत. "रोटेशनमध्ये थोडं मागेपुढे झालंय, भाऊ." रोटेशन म्हणजे या कंपनीच्या पैशाने त्या कंपनीचं भोक बुजवायचं. यांचा आवाज चढला तसे त्याने पुढच्या तारखांचे तीन चेक लिहून दिले, दोन लाखांचे दोन आणि ५० हजारांचा एक. ५० हजारांचा वटला. मोठे दोन्ही परत आले. मे महिन्यात गेलो तर शटरला कुलूप, आणि खाली चहाच्या टपरीवर आमच्यासारखेच आणखी तिघे-चौघे कारखानदार उभे.

तोवर बाकीचं बाहेर आलंच होतं. ऑक्टोबरपासूनचा ईएसआय एक रुपयाही भरला नव्हता, महिन्याला १७,६८० प्रमाणे चार महिन्यांचा. हा ईएसआयचा खड्डा फार वाईट, कारण तो लगेच दिसत नाही. ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर पुढच्या जुलै ते डिसेंबरचा लाभ ठरतो. आम्हाला कळलं नसतं, तर जुलैत कुणाची बायको बाळंतपणाला किंवा कुणी ऑपरेशनला गेलं असतं आणि खिडकीवर परत फिरवलं गेलं असतं. मार्चमध्येच भरल्यामुळे ते टळलं. व्यवसाय कराचं तर हसावं की रडावं. वर्षाचा कर एक लाखाच्या आत असेल तर तो मार्चअखेर एकदाच भरता येतो. पेरोलवाले मात्र एप्रिलपासून दर महिन्याला माझ्याकडून ६,८०० घेत होते. त्यातले ६८,००० गेले.

एकूण सहा लाख पंचवीस हजारांना थोडे कमी.

आकुर्डीच्या पीएफ ऑफिसात मी बँकेची स्टेटमेंटं, खोटी चलनं, सगळं घेऊन गेले. मला वाटत होतं, फसवले गेलेले आम्ही आहोत. अधिकाऱ्यांनी ऐकून घेतलं, पाणीही दिलं, आणि म्हणाले, "तुमचा करार त्यांच्याशी. आमचा हिशेब तुमच्याशी." कायदा तसाच आहे. कामगाराच्या पगारातून कापलेली रक्कम भरली नाही तर विश्वासघात मालकाने केला असं धरलं जातं. मध्ये कोण होतं याच्याशी त्याला देणंघेणं नाही. मुद्दाम केलं नाही, हेही चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्येच सांगितलंय की दंड लावायला हेतू सिद्ध करायची गरज नाही. मग ४,८६,००० रुपये पुन्हा भरा, त्यावर वर्षाला १२ टक्के व्याज, आणि वेगळा दंड. तेव्हाच्या दराने उशीर जितका जास्त तितका दंड चढा, सहा महिन्यांपुढे वर्षाला २५ टक्के. वरून आमच्या सीएंनी सांगितलं की कामगारांच्या हिश्शाचे २,३३,२८० रुपये वेळेत भरले गेले नाहीत म्हणून ते आमच्या उत्पन्नात धरले जाणार. जे पैसे आमच्या खात्यातून गेले, ज्यांच्यापायी आम्ही कर्ज काढलं, त्यांच्यावरच इन्कम टॅक्स. माझ्या पाटल्या आणि गोठ अजून पतसंस्थेत आहेत.

कामगारांना सांगणं सगळ्यात अवघड गेलं. हे बोलायला उभे राहिले तेव्हा प्रेस बंद होते, त्यामुळे शॉपमध्ये नको इतकी शांतता. पॅकिंगमधली एक मावशी एवढंच म्हणाली, "पण साहेब, आमच्या पगारातून तर कापलेत ना?" पगाराच्या स्लिपवर दर महिन्याला १,६२० कापलेले दिसत होतेच. नोव्हेंबरात सोडून गेलेला एक पोरगा रांजणगावला लागला होता. त्याचा नंबर शोधून त्याचेही भरले.

पोर्टलचा ताबा परत मिळवायला लेटरहेडवर अर्ज, भागीदारांच्या सह्या आणि चार फेऱ्या. आता नंबर माझा, ईमेल माझा, डिजिटल सही कपाटात. पगारपत्रक अजूनही बाहेरून करून घेते. ते काम वाईट नाही, आणि सगळेच चोरही नाहीत. पण पैसे आमच्या खात्यातून थेट सरकारच्या खात्यात. चलन मेलवर आलं तर ते मी न उघडताच साइटवर जाते. आधी माणसं मोजते, मग रक्कम. सोळा तारखेला जेवणाच्या सुट्टीत ती क्वालिटीची मुलगी कुठल्याही तिघांचे मोबाईल घेऊन पासबुक उघडते. कुणाचे, ते ती ठरवते. मी नाही.

परभणीचा तो पोरगा यंदा प्रेस ऑपरेटर झाला. माझ्याशी बोलतो, पण कामापुरतं.

चेकचा दावा पिंपरीच्या कोर्टात चालू आहे, फसवणुकीची तक्रार पोलिसांकडे आहे. म्हणून नाव लिहीत नाही. मात्र चाकण-तळेगावकडच्या दोन ओळखीच्यांना गेल्या महिन्यात नव्या नावाच्या एका पेरोल सर्व्हिसचा फोन आला. माणशी ११० रुपये, पहिले दोन महिने फुकट, आणि "ताई, सगळं एकत्र आमच्या खात्यावर टाका." एकीने स्पीकरवर लावून मला आवाज ऐकवला. तोच होता.